लोकरीचा स्टेशनमास्तर

सलग सात बुधवार मी दुसऱ्याच्या टीव्हीच्या काचेला नाक लावून उभा राहिलो. हातात ट्रेसिंग पेपर, कानावर पेन्सिल, आणि मागून घरमालकीणबाईंचा आवाज, "अहो, जरा बाजूला व्हा! मालिका काय तुमच्या पाठीवर बघायची आम्ही?" अंबडच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन म्हणून बऱ्यापैकी नाव असलेला, लग्नाला आलेला माणूस मी. पण घरमालकापुढे भाडेकरूचं काय चालणार? आणि आमच्या घरमालकापुढे तर कुणाचंच चालत नसे.

नव्वदीच्या मधल्या वर्षांतली गोष्ट. नाशिकरोडला त्यांचं बैठं घर होतं, मागची खोली माझी. काका निवृत्त गार्ड. मालगाडीच्या शेवटी गच्चीसारखा उघडा एक डबा असतो आणि त्यात एक माणूस एकटाच बसलेला असतो, तो गार्ड. नोकरी संपली, पण तो डबा काही काकांच्या अंगातून उतरला नाही. दारामागे खिळ्याला एक वही टांगलेली असे. त्यात त्यांच्या पेन्शनची नोंद नव्हती की किराण्याची यादी नव्हती. होती ती माझी जाण्यायेण्याची वेळ.

"काल सात बेचाळीस. आज सात सत्तेचाळीस. पाच मिनिटं कुठे गेली?"

"चप्पल सापडत नव्हती, काका."

"कारण, चप्पल," असं म्हणून ते खरंच तसं लिहायचे. महिनाअखेरीला वाचूनही दाखवायचे. या महिन्यात तुझी चप्पल चार वेळा, पोट एकदा.

माझी स्कूटर फाटकातून बाहेर काढायची तर आधी काका रस्त्यावर जाऊन उभे राहणार, दोन्हीकडे बघणार आणि मग शिट्टी वाजवणार. त्या गल्लीत सकाळी भाजीची एक हातगाडी आणि दोन कुत्री, एवढीच काय ती रहदारी. पण शिट्टीशिवाय हललं तर संध्याकाळी तासाभराचं प्रवचन. जेवायलासुद्धा ते उभे. डबा हलायचा ना, म्हणून एका हाताने खिडकीचा गज धरून दुसऱ्या हाताने घास. काकू म्हणायच्या, "जळ्ळं मेलं ते लक्षण! घर हलतंय का आपलं?" त्यावर काकांचं ठरलेलं उत्तर, "लेट चालतं, चूक चालत नाही." या उत्तराचा प्रश्नाशी काय संबंध, हे विचारायच्या भानगडीत मी कधी पडलो नाही.

आणि या माणसाला क्रोशाचं वेड. मालगाडीला कोणी वाली नसतो, ते सांगायचे. मेल जाऊ दे, एक्सप्रेस जाऊ दे, पॅसेंजरसुद्धा जाऊ दे, मग उरलाच रस्ता तर तुमची गाडी. तोवर आडबाजूच्या रुळावर चार चार तास पडून राहायचं. झोपायची बंदी, आणि एकटा माणूस पत्ते कुणाशी खेळणार? मग त्यांनी काकूंच्या पेटीतली सुई उचलली. पहिल्या वर्षी डब्यातल्या दिव्याला टोपी, दुसऱ्या वर्षी पाण्याच्या बाटलीला अंगरखा. मी राहायला गेलो तेव्हा त्या घरात टीव्हीला झूल होती, माठाला झबलं होतं, गॅसच्या सिलिंडरला तर चक्क काठ-पदर होता. तक्रार केली तर पुढची पाळी आपली, या धाकाने मी गप्प होतो. तरी एका थंडीत माझ्या स्कूटरच्या दोन्ही आरशांना कानटोप्या आल्याच.

त्या वेळी दर बुधवारी साडेआठला एक मालिका लागायची. मोठं घर, हरवलेला भाऊ, रडणारी सून, सगळं यथासांग. त्या मालिकेतल्या गावाला एक छोटं स्टेशन होतं. कोणी आलं-गेलं की मागे एक म्हातारा स्टेशनमास्तर झेंडे घेऊन उभा असायचा. तोंडातून शब्द काढायचा नाही. दहा-बारा सेकंद दिसायचा आणि गाडीबरोबर तोही जायचा. अख्ख्या महाराष्ट्रात त्याच्याकडे लक्ष देणारा एकच प्रेक्षक होता, तो आमच्या नशिबी आला.

"सगळ्या मालिकेत नोकरी करणारा माणूस हा एकटा," काका म्हणायचे. "बाकीचे नुसते जिन्यावरून उतरतात."

त्यांचं खरं प्रेम त्याच्या झेंड्यांवर. हिरवा डाव्या हातात, लाल उजव्या. पुस्तकात काय लिहिलंय मला ठाऊक नाही, पण मनमाडला एका जुन्या गार्डाने काकांच्या पिढीला असं घालून दिलं होतं. उघडा झेंडा डाव्या हातात दिसला की हिरवा, उजव्या हातात दिसला की लाल; रंग दिसायच्या आधी हात सांगतो. त्या नटाला हे कुणी शिकवलं देव जाणे, पण तोही तसाच उभा राहायचा: डावा हात लांब करून त्यात उघडलेला हिरवा, उजव्या बगलेत गुंडाळलेला लाल. काकांच्या डोळ्यांत पाणी यायचं. सून रडत असायची तिकडे, आणि हे इकडे झेंड्यासाठी.

मनमाडला त्यांचे ड्रायव्हर राहायचे. 'त्यांचे' म्हणजे ज्यांच्या मालगाडीवर काकांनी निम्मी नोकरी काढली ते. एक इंजिनात, दुसरा शेवटच्या डब्यात, मधे अर्धा मैल वाघिणी. वाघीण म्हणजे मालगाडीचा डबा. वर्षानुवर्षं एका गाडीवर असून दोघांचं बोलणं झालं ते झेंड्याने आणि शिट्टीने. तरी मैत्री अशी की विचारू नका. एकमेकांना नावाने हाक मारलेली मी कधी ऐकली नाही. हे म्हणणार "ड्रायव्हर", ते म्हणणार "गार्ड".

ड्रायव्हरांना काचबिंदू झाला होता. मी ओळखायला लागलो तोवर दृष्टी गेलीच होती. उजेड आणि अंधार, इतकंच कळायचं. मालिका ते ऐकायचे. पण स्टेशनमास्तर तर बोलायचाच नाही! म्हणजे त्यांच्यापुरता तो मालिकेतून उठूनच गेला. म्हणून दर गुरुवारी सकाळी काका कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथमध्ये उभे राहून मनमाडला फोन करायचे आणि काल स्टेशनमास्तर कसा उभा होता ते साद्यंत सांगायचे. बाहेर लोक रांगेत तिष्ठत, हे आत हात लांब करून दाखवताहेत. फोनवर!

त्या पावसाळ्यात फोनवरून कळलं की ड्रायव्हरांचा मुलगा त्यांना कायमचं नागपूरला घेऊन जाणार. रंगपंचमी झाली की पहिल्या रविवारी. दोघंही सत्तरीला टेकलेले, एकाला दिसत नाही, दुसऱ्याला दम्याचा त्रास. परत भेट व्हायची नाही, हे न बोलता दोघांना कळलं होतं. काका दोन दिवस वहीतसुद्धा काही लिहीनात. तिसऱ्या दिवशी माझ्या खोलीत आले.

"तो जायच्या आत त्याच्या हातात स्टेशनमास्तर द्यायचाय."

"फोटो मिळेल कुठेतरी," मी म्हटलं.

"फोटो त्याला कोरा कागदच. हाताला लागलं पाहिजे. पांघरूण विणतो. झेंडे दुहेरी लोकरीचे, म्हणजे बोटाला वर आलेले कळतील. चित्र तू काढ."

इथे माझी चूक झाली. नाही म्हणायला हवं होतं. पेढे न्या, शाल न्या, गळाभेट घ्या, असं तोंडावर आलं होतं. पण म्हाताऱ्याचं तोंड बघून मी हो म्हणून बसलो.

आणि मग ते सात बुधवार. चित्र मिळणार कुठून, तर टीव्हीच्या काचेवरून. तो पडद्यावर आला की झटकन कागद काचेला लावायचा आणि गिरवायचं. पहिल्या बुधवारी टोपी काढली. दुसऱ्या बुधवारी टोपीच हलली. तिसऱ्या बुधवारी दिवे गेले. एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या चिमण्या आमच्या गच्चीवरून दिसायच्या, आणि अंधारात बसायचो आम्ही. चौथ्याला हिरवा झेंडा मिळाला. मिशीला दोन बुधवार लागले. काका मागून ओरडणार, "मिशी बघ, मिशी! एका बाजूला जास्त आहे!" काकू ओरडणार, "अहो, तो हरवलेला भाऊ सापडला वाटतं, बघू तरी द्या!" काचेतली वीज माझ्या नाकाला चटचट चावत होती. कारखान्यात साहेबाने विचारलं, नाकाला काय झालंय? काय सांगणार, कपाळ!

चित्र झालं, तर विणायची तऱ्हा जगावेगळी. सरळ खालून वर नाही, कोपऱ्यातून कोपऱ्यात. एका कोपऱ्यात एक चौकोन: साखळीचे तीन टाके, खांबाचे तीन. त्याला लागून तिरक्या ओळीत दोन चौकोन, मग तीन, मग चार. मध्यावर ओळ सर्वांत लांब होते, मग दर ओळीला एकेक कमी करत समोरच्या कोपऱ्यात एकावर संपवायचं. काका चौकोनाला वाघीण म्हणत आणि ओळीला रेक, म्हणजे वाघिणींची माळ. प्रत्येक वाघिणीचा रंग चित्राबरहुकूम. तिरका आलेख वाचून त्यांना चक्कर यायची, म्हणून प्रत्येक ओळीची वेगळी पट्टी करून देण्याचं काम कुणाकडे? माझ्याकडे. आणि रोज संध्याकाळी ती मोठ्याने वाचण्याचं? तेही माझ्याकडेच.

"सात नंबर रेक. चार निळ्या, एक काळी, दोन निळ्या."

"चार निळ्या, एक काळी, दोन निळ्या," काका म्हणणार.

मग मी "बरोबर" म्हटल्याशिवाय सुई हलणार नाही. एकेक ओळ अशी दोनदा. दिवाळीच्या पाडव्याला सुरुवात केली. तुळशीचं लग्न गेलं, संक्रांत गेली. मित्र पिक्चरला जायचे, मिसळ खायला जायचे, आणि मी निळ्या-काळ्या वाघिणी मोजत बसलेलो. नाकी नऊ आले. जांभई दिली तर काका म्हणायचे, "झोप आली तर सांग, गाडी थांबवू." थांबवतायत कसले! पुढच्याच क्षणी, "हं, पुढची रेक."

होळी आठवड्यावर आली. ड्रायव्हरांच्या जाण्याला चौदा दिवस होते. पांघरूण पाऊण झालं होतं, चेहऱ्याची एक बाजू तेवढी राहिली होती. इतके दिवस ते काकांच्या मांडीवर चुरगळून पडलेलं असे. त्या रविवारी सकाळी काकूंनी झटकायला म्हणून उचललं आणि दिवाणावर नीट पसरलं.

"अगंबाई, सुरेख झालंय हो," त्या म्हणाल्या. चार महिन्यांत प्रथमच. मलाही जरा बरं वाटलं. मिशी तर हुबेहूब.

काका बघत राहिले. मग दोरीवरचा हिरवा पंचा त्यांनी डाव्या हातात घेतला, वर्तमानपत्राची गुंडाळी उजव्या बगलेत धरली, आणि पांघरुणाकडे पाठ करून स्टेशनमास्तरसारखे उभे राहिले. स्वतःच्या डाव्या हाताकडे बघितलं. मान वळवून मागे बघितलं. पंचा एकीकडे, लोकरीचा झेंडा दुसरीकडे.

"ड्रॉइंग कुठल्या बाजूने मोजलंस?" त्यांनी हळूच विचारलं.

मी धावत जाऊन ट्रेसिंग आणलं. आमच्या ड्रॉइंग खात्यातली सवय. ट्रेसिंगवर पेन्सिलीने पुढून काढायचं आणि शाई, रंग मागून भरायचे, म्हणजे खोडताना पुसले जात नाहीत. मी रंग मागून भरले होते, आणि रंग तिथे दिसतात म्हणून चौकोनही मागूनच मोजले होते. आरशात बघावा तसा अख्खा स्टेशनमास्तर उलटा झाला होता. हिरवा उजव्या हातात, लाल डाव्या बगलेत. इतकी वर्षं यंत्रांची ड्रॉइंगं काढली, कधी चूक नाही. चुकलो तो इथे.

"माझंच चुकलं, काका. पण हे बघा, उलटी बाजू वर करून द्या ना."

"मागे सगळ्या गाठी आहेत. झेंडा पुढूनच जाड आहे."

"मग आहे तसं द्या! चौदा दिवस राहिलेत. त्यांना दिसत नाही, कोणाला कळणार आहे?"

काका खुर्चीवर बसले. बसून बोलणारे काका मी फारसे बघितले नव्हते.

"दिसत असतं तर दिलं असतं," ते म्हणाले. "हसला असता, दोन शिव्या घातल्या असत्या, विषय संपला असता. आता मी हातात देईन ते तो खरं धरणार."

आणि त्यांनी टोकाचा धागा ओढला.

क्रोशाचं विणकाम करायला चार महिने लागतात. उसवायला दुपारपर्यंतचा वेळ पुष्कळ होतो. सर्र सर्र सर्र. माझी मिशी माझ्या डोळ्यांदेखत गेली. मी दोन्ही हात पुढे करून उभा आणि माझ्याच चुकीची लोकर माझ्याच हातांवर गुंडाळली जातेय. काकू स्वयंपाकघरातून बोलत होत्या, "चार महिने डाळ करपवली मी या मेल्या मास्तरापायी! त्याला धड उभंसुद्धा राहता येऊ नये?" काकांनी मला एका शब्दाने दोष दिला नाही. रागावले असते तर बरं झालं असतं, मलाही उलटं बोलता आलं असतं.

मी पट्ट्या पुन्हा केल्या. या वेळी चार वेळा तपासल्या. काकांनी सुरुवातीचा कोपराच बदलला: "हिरव्या झेंड्याच्या बाजूने सुरू करू."

"पण मग चेहरा शेवटी जातो. पूर्ण झालं नाही तर?"

"चेहरा राहू दे."

राहू दे! सात बुधवार! नाकाची सालटी! मी कपाळाला हात लावला आणि वाचायला बसलो.

त्या चौदा दिवसांत घरात रोज पिठलं-भाकरी. मी अर्ध्या रजा टाकल्या. मी नसेन तेव्हा काकू वाचायच्या, आणि काय वाचायच्या: "तीन हिरव्या, तुमचं डोकं, एक काळी." काका गंभीरपणे म्हणायचे, "तीन हिरव्या, एक काळी," आणि काकू "बरोबर" म्हणून डोळे पुसायच्या. दम्याने काकांची छाती भरून यायची, सुई चालूच. होळी झाली, रंगपंचमीला गल्ली रंगून निघाली, आम्ही दारं लावून आत. शनिवारी संध्याकाळी ते मध्यावरच्या, सर्वांत लांब रेकेपर्यंत पोचले. पुढे वेळच नव्हता. हातात उरलं ते तीन कोपऱ्यांचं अर्धं पांघरूण. फलाट, कोटाची एक बाजू, लांब केलेला हात आणि झेंडा. डोकं नाही, मिशी नाही, लाल झेंडा नाही. काकांनी कडेने एक ओळ घातली आणि धागा तोडला.

रविवारी सकाळच्या पॅसेंजरने मनमाडला गेलो. नागपूरच्या गाडीला वेळ होता. ड्रायव्हर फलाटावर बाकावर बसले होते, शेजारी वळकटी. मुलगा पाणी भरायला गेला होता. काकांचा खोकला ऐकून त्यांनी मान वळवली.

"आला का गार्ड? लय लेट केला."

"सिग्नल नव्हता," काका म्हणाले. त्यांनी पिशवीतलं विणकाम काढून ड्रायव्हरांच्या मांडीवर ठेवलं. "पुरं झालं नाही. अर्धंच आहे. एक चूक झाली होती." कुणाची, ते सांगितलं नाही.

ड्रायव्हरांनी चाचपून बघितलं. "शाल हाय का?"

"स्टेशनमास्तर आहे. मालिकेतला."

"तोंड कुठंय त्याचं?"

"तोंड नाही झालं."

"मंग झालं काय?"

"हात झालाय."

ड्रायव्हर हसले. मग त्यांची बोटं चौकोनाचौकोनावरून चालायला लागली, घाई न करता, आणि दुहेरी लोकरीच्या जाड जागेवर येऊन थांबली.

"झेंडा हाय हा."

"हो."

"कुठला?"

मला राहवेना, मी बोलायला तोंड उघडलं, तर काकांनी माझा दंड धरला.

ड्रायव्हरांनी ते विणकाम उचलून छातीला लावलं, चित्र बाहेर करून. लोकरीच्या हातावर आपला हात ठेवून बघितला. आधी उजवा नेला, तो काही जागेवर बसेना. मग डावा नेला. खांद्याला खांदा लागला, कोपराला कोपर लागलं, आणि पंजा बरोबर झेंड्याच्या काठीवर आला. तसाच हात लांब करून ते क्षणभर बसले.

"डावा," ते म्हणाले. "हिरवा हाय."

आमचं पहिलं पांघरूण आम्ही पूर्ण करून, मिशीसकट, घडी घालून आणलं असतं, तर या माणसाने असाच हात लावून बघितला असता आणि लाल म्हणाला असता. जन्माचा निरोप, आणि हातात लाल झेंडा. कोणाला कळणार आहे, असं मी म्हणालो होतो. इतकी लाज मला आयुष्यात फार वेळा वाटलेली नाही.

गाडी आली. मुलाने वळकटी चढवली, मग वडिलांना दारापर्यंत नेलं. एका हाताने विणकाम छातीशी धरून, दुसऱ्या हाताने दांडा पकडून ड्रायव्हर पायरीवर थांबले. मागे लोक खोळंबले, कोणीतरी ओरडलं, पण ते आत जाईनात.

"गार्ड," त्यांनी हाक मारली, "जाऊ ना मंग?"

काकांना दम लागला होता. त्यांनी फलाटाच्या दोन्ही टोकांकडे बघून घेतलं.

"जा," ते म्हणाले.